एकोणिसाव्या गुणसूत्रावरचा पत्ता

माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर ३६५ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनाची कृती लिहिलेली आहे. हे प्रथिन म्हणजे एक विकर, एन्झाइम. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला हे विकर फ्युकोज नावाची आणखी एक शर्करा जोडते, आणि ते टोक ‘एच’ प्रतिजन होते. ए गटाच्या माणसात दुसरे एक विकर या एचवर आपली शर्करा चढवते. बी गटाच्या माणसात त्याच दुसऱ्या विकराचे थोडे बदललेले रूप वेगळी शर्करा चढवते. ओ गटाच्या माणसात काहीच चढत नाही, म्हणून एच उघडा राहतो. ज्यांच्या शरीरात पहिले विकर बनतच नाही त्यांच्या पेशींवर एच नाही, आणि एच नाही म्हणून ए-बीही नाहीत, मग ए-बीची जनुके आईबापांकडून मिळालेली असोत वा नसोत. अशा माणसांच्या रक्तगटाला जगभर ‘बॉम्बे’ म्हणतात.

या पुस्तकाचा विषय त्या पहिल्या विकराच्या जनुकाचा पत्ता आहे. ते जनुक तेवीस गुणसूत्रजोड्यांपैकी नेमके कोणत्या जोडीवर बसते, त्याच्या शेजारी कोण आहे, आणि हे कळायला चार दशके का लागली, एवढाच प्रश्न मी पुढच्या प्रकरणांत धरला आहे. बॉम्बे रक्तगटाची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. शाळेत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत, रक्तदान शिबिरांच्या पत्रकांत ती भेटते, पण जवळजवळ नेहमी १९५२ मध्ये संपते: मुंबईत शोध लागला, शहराचे नाव जगभर झाले. मला ही अर्धी गोष्ट पुरेशी वाटत नाही. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी जे पाहिले त्यात एक कोडे होते. रक्तशास्त्राला ते सुटले नाही, रसायनशास्त्राला अर्धेच सुटले. उरलेला अर्धा भाग जनुकाचा पत्ता हाती आल्यावर सुटला. तो कसा, हे समजून घेतले की गुणसूत्रांचे नकाशे करण्यात इतक्या माणसांनी उभी आयुष्ये का घातली तेही समजते.

त्या कोड्यापासून सुरुवात करतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आणि शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्यापुढे असे रक्त आले की ते ओ गटाचे दिसत होते, पण ओ गटाच्या दात्यांचे रक्त त्याला चालत नव्हते. रुग्णाच्या रक्तद्रवात ओ पेशी मिसळल्या की त्यांच्या गुठळ्या होत. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे अशक्य होते, कारण ओ पेशींवर कोणाला हरकत घेण्यासारखे काही नसते असेच सगळे मानत. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी नमुने लंडनला लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पाठवले. तिथे रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस यांनी रक्त तपासले, तर वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी रसायन पाहिले. सात जणांच्या नावाने १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छोटासा लेख प्रसिद्ध झाला.

त्या लेखातली एक नोंद पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे, म्हणून वाचकाने ती लक्षात ठेवावी. बहुतेक माणसांच्या लाळेतही त्यांच्या रक्तगटाचे प्रतिजन उतरतात. काहींच्या उतरत नाहीत. हा गुण आनुवंशिक आहे हे १९३२ पासून माहीत होते, आणि ज्यांच्या लाळेत प्रतिजन उतरतात त्यांना ‘सिक्रीटर’ म्हणतात. मुंबईच्या या माणसांच्या पेशींवर एच नव्हता, आणि लाळेतही नव्हता. पुढे भारतात असे जे लोक सापडत गेले त्यांतल्या बहुतेकांची लाळही तशीच निघाली. पेशीवर नाही तर लाळेतही नाही, हे वरवर पाहता स्वाभाविक वाटते. पण काही वर्षांनी जगात इतरत्र अशी माणसे सापडली की त्यांच्या पेशींवर एच नाही आणि लाळेत मात्र भरपूर आहे. त्यांना ‘पॅरा-बॉम्बे’ म्हणू लागले. विकर एकच असेल आणि ते बनतच नसेल, तर लाळेतला एच आला कुठून? आणि पॅरा-बॉम्बेंना जमते ते भारतातल्या बॉम्बेंना का जमत नाही?

रसायनाचा भाग मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी विलक्षण चिकाटीने सोडवला. ईल माशाच्या रक्तद्रवात ओ पेशींना चिकटणारा एक घटक असतो. त्या द्रवात साधी फ्युकोज शर्करा घातली की तो पेशींना चिकटेनासा होतो, असे त्यांनी १९५२ मध्येच दाखवले. याचा अर्थ तो घटक पेशीवर फ्युकोजच शोधत होता. एच प्रतिजनाचे मर्म एका शर्करेत आहे हे त्यातून कळले, आणि त्याच ओघात हेही ध्यानात आले की रक्तगटाचे जनुक स्वतः रक्तगट बनवत नाही, ते शर्करा जोडणारे विकर बनवते. मेंडेलच्या नियमाने चालणारा एक गुण आणि प्रयोगशाळेत मोजता येणारी एक रासायनिक क्रिया इथे जोडली गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे गटाच्या माणसांच्या रक्तद्रवात हे विकर मोजून पाहिले, तेव्हा ते आढळले नाही.

मधल्या काळात, १९५५ मध्ये, अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांना एक कुटुंब सापडले होते. आई तपासणीत ओ दिसत होती, पण तिच्या मुलीत बी होता आणि तो बापाकडून आलेला नव्हता. म्हणजे आईकडे बीचे जनुक होते, फक्त ते दिसत नव्हते. आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत एका जनुकाने दुसऱ्याचा प्रभाव झाकण्याचे उदाहरण म्हणून हे कुटुंब अजून शिकवतात. नकाशाच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे: एचचे जनुक आणि ए-बी-ओचे जनुक दोन वेगवेगळ्या ठिकाणी असले पाहिजेत. ती ठिकाणे कोणती हे १९५५ मध्ये कोणालाच सांगता आले नसते. माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हेही जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंड येथे पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, निश्चित केले.

जनुकाचा पत्ता शोधायचा म्हणजे काय करायचे, हे आता सांगायला हवे. एक्स गुणसूत्राच्या बाबतीत निसर्गानेच खूण ठेवलेली आहे. मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतो, म्हणून एक्सवरचे दोष मुलग्यांत जास्त दिसतात आणि बापाकडून मुलग्याकडे जात नाहीत. रंगांधत्वाचे जनुक एक्सवर आहे असा निष्कर्ष एडमंड विल्सन यांना १९११ मध्येच काढता आला तो यामुळे. बाकी बावीस जोड्यांच्या बाबतीत अशी सोय नाही. एक्सवरचे पहिले जनुक कळल्यानंतर, बाकीच्या जोड्यांपैकी एखाद्या नेमक्या जोडीवर पहिले जनुक बसवायला तब्बल ५७ वर्षे गेली. १९६८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉजर डॉनह्यू या विद्यार्थ्याने स्वतःच्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्याला पहिल्या गुणसूत्राचा एक भाग नेहमीपेक्षा सैल दिसला. आपल्या नातेवाइकांत ही खूण आणि डफी नावाचा रक्तगट जोडीने उतरतात हे त्याने पडताळले, आणि डफीला पहिल्या गुणसूत्रावर जागा मिळाली.

जोडीने उतरणे हीच या विद्येची मुख्य किल्ली आहे. शुक्रपेशी किंवा अंडपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोडीतले दोन धागे एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. वारीत एका दिंडीत शेजारी चालणारी दोन माणसे गर्दी कितीही फुटली तरी सहसा एकत्रच पुढच्या मुक्कामाला पोचतात, आणि दिंडीच्या दोन टोकांची माणसे सहज पांगतात. जनुकांचेही तसेच आहे. दोन गुण पिढ्यान्‌पिढ्या बरोबर उतरत असतील तर त्यांची जनुके जवळ असली पाहिजेत, आणि ते जितक्या क्वचित वेगळे होतात तितके अंतर कमी. यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही, भरपूर कुटुंबे आणि न कंटाळता मोजणारा माणूस लागतो.

असा माणूस कोपनहेगनमध्ये होता. यान मोर हे नॉर्वेजियन संशोधक पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला डॅनिश कुटुंबांचे रक्तगट आणि लाळ तपासत होते. ल्युथरन नावाचा रक्तगट आणि सिक्रीटर हा लाळेचा गुण बरोबर उतरतात हे त्यांच्या १९५१ ते १९५४ च्या कामातून दिसून आले. एक्सखेरीज इतर गुणसूत्रांवरची माणसातली ही पहिली जोडी. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजाराचे जनुकही त्यांच्याच आसपास असावे अशी शंका मोर यांना आली होती. ती १९७१ मध्ये पक्की झाली. याचा उपयोग लगेच झाला. सत्तरच्या दशकात काही कुटुंबांत गर्भजलावरून बाळ सिक्रीटर आहे की नाही हे पाहून आजाराचा अंदाज बांधण्यात आला. ही तीन जनुके कोणत्या गुणसूत्रावर आहेत याचा तेव्हा कोणालाच पत्ता नव्हता. शेजार माहीत होता आणि गावाचे नाव माहीत नव्हते, तरी त्या अर्धवट माहितीने काही आईबापांना आधार दिला. नकाशाचे काम किती मोलाचे आहे हे मला याच उदाहरणाने पहिल्यांदा पटले.

गावाचे नाव दुसऱ्याच मार्गाने आले, आणि त्या मार्गावर विकरे आघाडीला होती. साठच्या दशकात माणसाची पेशी आणि उंदराची पेशी यांचा संकर करता येऊ लागला. अशा संकर पेशीला विभाजनागणिक माणसाची गुणसूत्रे टाकून द्यायची सवय असते, उंदराची मात्र ती सगळी सांभाळते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६७ मध्ये या सवयीचा फायदा घेतला. त्यांनी थायमिडीन कायनेज हे विकर नसलेली उंदराची पेशी निवडली. संकर पेशी अशा माध्यमात वाढवल्या की ज्यात त्या विकराशिवाय जगणेच शक्य नाही. ज्या पेशी जगल्या त्यांनी माणसाचे एक विशिष्ट गुणसूत्र धरून ठेवलेले होते. ते कोणते हे त्या काळच्या साध्या रंगांनी नीट ओळखता येत नव्हते. गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी नवी रंगपद्धत १९७० मध्ये आली आणि १९७१ मध्ये ते सतरावे निघाले. माणसाच्या विकराचे जनुक संकर पेशींच्या मदतीने गुणसूत्रावर बसवण्याची वाट इथे मोकळी झाली.

ही वाट विकरांना विशेष सोयीची का होती, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. माणसाचे आणि उंदराचे तेच विकर काम एकच करते, पण त्यांच्या घडणीत बारीक फरक असतात. त्यामुळे स्टार्चच्या जेलवर विद्युतप्रवाह सोडला की ती वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि वेगळ्या रेघा उमटतात. मग संकर पेशींच्या अनेक वाणांत माणसाची रेघ कुठे दिसते आणि माणसाचे कोणते गुणसूत्र कुठे उरले आहे, याचे कोष्टक मांडायचे. रेघ आणि गुणसूत्र प्रत्येक वेळी बरोबर असतील आणि बरोबरच नाहीसे होत असतील, तर पत्ता लागला. येल विद्यापीठातल्या फ्रँक रडल यांच्या प्रयोगशाळेने हे काम एखाद्या कारखान्याच्या शिस्तीने चालवले. १९७३ मध्ये त्यांनी ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज या विकराचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर बसवले. त्याच वर्षी येल ज्या गावात आहे त्या न्यू हेवनमध्ये जनुकांचे नकाशे करणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक भरली. पुढे पेप्टिडेज डी हे आणखी एक विकर एकोणिसाव्यावर आले, आणि १९८२ मध्ये रक्तातल्या ‘सी ३’ या प्रथिनाचे जनुकही.

यानंतर घडले ते वाचताना मी अजूनही थांबतो. सी ३ चे काही प्रकार रक्तात ओळखता येत असल्याने कुटुंबांत त्याचा माग काढता येत होता. १९८३ मध्ये कोपनहेगनहून एक शोधनिबंध आला. त्यात सी ३ आणि सिक्रीटर यांचा शेजार दाखवला होता, आणि त्याबरोबर सिक्रीटर, ल्युथरन, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, पेप्टिडेज डी ही सगळी माळ एकोणिसाव्या गुणसूत्रावर नेऊन ठेवली होती. लेखकांत यान मोर यांचे नाव होते. ज्या जोडीचा शेजार त्यांनी तीस वर्षांपूर्वी पाहिला होता, तिला त्यांच्याच हातून पत्ता मिळाला.

एच मात्र अजून बेपत्ता होता. संकर पेशींची वाट त्याला बंद होती, कारण एच दिसतो तो मुख्यतः तांबड्या पेशींवर. त्यांना केंद्रक नसते, आणि प्रयोगशाळेत संकर करायला वापरतात त्या पेशी एच बनवत नाहीत. कुटुंबांची वाटही जवळजवळ बंद होती. माग काढायचा तर गुण माणसामाणसांत वेगळा दिसला पाहिजे, आणि एच तर जगात जवळजवळ प्रत्येकाकडे आहे. युरोपात तो नसलेला माणूस दहा लाखांत एखादा. भारतात असा माणूस दहा हजारांत एक या प्रमाणात सापडतो, त्यातही महाराष्ट्र-कर्नाटकात जास्त. म्हणून या जनुकाचा माग काढायला जगाला जी थोडी कुटुंबे उपलब्ध होती त्यांत आपल्याकडच्या कुटुंबांचा वाटा मोठा होता. के. ई. एम.च्या आवारात भाटिया यांनी पुढे उभ्या केलेल्या रक्तगट केंद्राने ही कुटुंबे शोधली, त्यांच्या वंशावळी लिहिल्या. १९६२ मध्ये भाटिया आणि मुंबईचेच एल. डी. संघवी यांनी या गटाचा नात्यातल्या लग्नांशी असलेला संबंध मांडला. दुर्मीळ जनुकाच्या दोन प्रती एका मुलात एकत्र यायला आईबाप एकाच घराण्यातले असणे हा सोपा मार्ग आहे, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे परके नाही.

शोधनिबंधांत त्या कुटुंबांची नावे नाहीत, असू नयेतही. पण सुई टोचून घेणाऱ्या आजीचा, नातवाचा, नवऱ्याच्या घरून बोलावून आणलेल्या बहिणीचा या नकाशात भाग आहे. मोर आणि रडल यांच्याइतकाच तो मला महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणून या पुस्तकात वंशावळींना एक संपूर्ण प्रकरण दिले आहे.

१९८१ मध्ये राफेल ओरिओल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या अशा एच-हीन वंशावळी एकत्र मांडून नव्याने वाचल्या. तोवरचा समज असा होता की एचचे विकर एकच, आणि सिक्रीटर हे त्याला लाळेत चालू-बंद करणारे निव्वळ नियंत्रक जनुक. ओरिओल यांनी सांगितले की विकरे दोन आहेत. एच हे तांबड्या पेशींच्या पूर्वजांत चालणारे, सिक्रीटर हे लाळग्रंथी आणि आतड्यांच्या अस्तरात चालणारे. दोन्ही फ्युकोज जोडतात, दोघांची जनुके वेगळी, आणि ती गुणसूत्रावर अगदी लगत. पॅरा-बॉम्बेचे कोडे या मांडणीत सरळ होते: पहिले विकर नाही, दुसरे आहे. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात अकिरा योशिदा यांच्या प्रयोगशाळेने दोन विकरे खरोखरच वेगळी असल्याचा जैवरासायनिक पुरावा दिला. तरी जनुक हातात नव्हते, आणि हातात आल्याशिवाय वाद मिटणार नव्हता.

ते हाती आले मिशिगन विद्यापीठात, अॅन आर्बरला. जॉन लो यांनी घेतलेली वाट मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत सुंदर वाटते. उंदराच्या एका पेशीवाणात एच बनवायला लागणारा कच्चा माल होता, विकर नव्हते. लो यांच्या गटाने त्या पेशींत माणसाच्या डीएनएचे तुकडे सोडले. लाखो पेशींत एखाद्या पेशीला नेमका तो तुकडा मिळाला आणि तिच्या पृष्ठभागावर एच उमटला. प्रतिद्रव्याच्या साहाय्याने तेवढ्या पेशी वेगळ्या काढल्या, त्यांच्यातला मानवी तुकडा सोडवला, आणि १९९० पर्यंत विकराचा संपूर्ण क्रम वाचून झाला. जनुकाला ‘एफयूटी १’ नाव मिळाले. १९९४ मध्ये याच गटाने एका बॉम्बे गटाच्या माणसात या जनुकाच्या दोन्ही प्रतींत विकराची साखळी अर्धवट तोडणारा बदल दाखवला. आता शंकेला जागा उरली नाही.

एकोणिसाव्या गुणसूत्राचा तपशीलवार नकाशा तेव्हा कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार होत होता. माणसाच्या सगळ्या गुणसूत्रांत हे सर्वांत दाट वस्तीचे. लांबी जेमतेम सहा कोटी अक्षरांची, तरी त्याच्या मानाने जनुकांची गर्दी कुठल्याही दुसऱ्या गुणसूत्रापेक्षा जास्त. त्या नकाशाच्या आधारे एफयूटी १ च्या आजूबाजूला शोधल्यावर १९९५ मध्ये सिक्रीटरचे जनुक, ‘एफयूटी २’, सापडले. दोघांमधले अंतर सुमारे पस्तीस हजार अक्षरांचे. सहा कोटींत पस्तीस हजार म्हणजे भिंतीला भिंत. ओरिओल यांनी वंशावळी वाचून जे म्हटले होते ते अक्षरशः खरे निघाले. ए-बी-ओचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असल्याचे १९७६ मध्येच कळले होते. त्याचा पत्ताही अॅडिनिलेट कायनेज नावाच्या एका विकराच्या शेजारामुळे लागला. लेव्हिन यांच्या कुटुंबावरून वेगळी असली पाहिजेत असे कळलेली दोन ठिकाणे ती हीच: दोन जनुके दोन गुणसूत्रांवर, म्हणून प्रत्येक पिढीत ती एकमेकांना न विचारता वाटली जातात.

आणि आता १९५२ ची नोंद. भारतातल्या बॉम्बे गटाच्या माणसांच्या लाळेतही एच का नसतो? १९९७ मध्ये जपानच्या कुरुमे विद्यापीठातल्या योशिरो कोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. या माणसांच्या एफयूटी १ मध्ये ७२५ व्या ठिकाणी एक अक्षर बदललेले आहे. त्यामुळे विकराच्या २४२ व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन येते आणि ते निकामी होते. एवढ्याने पेशीवरचा एच गेला. पण त्याच गुणसूत्रावर, पस्तीस हजार अक्षरे पलीकडे, एफयूटी २ चे जनुक मुळात नाहीच. सुमारे दहा हजार अक्षरांचा तुकडा गळून पडला आहे आणि त्याबरोबर ते जनुकही गेले. दोन वेगळे अपघात, कधीतरी, एकाच गुणसूत्राच्या एकाच कोपऱ्यात घडले. इतक्या जवळ घडले की पिढ्यांच्या अदलाबदलीत ते सहसा सुटे होऊ शकले नाहीत. ज्याला पहिला अपघात दोन्ही बाजूंनी मिळतो त्याला दुसराही मिळतो. भेंडे यांच्या रुग्णांच्या लाळेने जे सांगितले होते त्याचे कारण विकराच्या रसायनात कधीच सापडले नसते, कारण लाळेतल्या विकराच्या बिघाडाचा पेशीवरच्या विकराच्या बिघाडाशी रासायनिक संबंधच नाही. त्यांचा संबंध फक्त शेजाराचा आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या भारतीय वंशाच्या बॉम्बे गटाच्या लोकांतही हीच जोडगोळी सापडली. पूर्वजांबरोबर दोन्ही बदल एकत्रच समुद्र ओलांडून गेले होते.

जनुकाचा पत्ता म्हणजे कोष्टकातली एक नोंद, असा समज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांतही आढळतो. आज संगणकावर नाव टाकले की गुणसूत्र, भुजा, पट्टा क्षणात समोर येतो, म्हणून तो समज आणखी घट्ट होतो. वरचा सगळा इतिहास त्याला उत्तर आहे. विकराचा क्रम सांगतो की ते काय करते, आणि पत्ता सांगतो की ते कोणाबरोबर वारशाने येते. माणसांच्या आजारांत आणि रक्तगटांत हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच अनेकदा निर्णायक ठरतो.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. पहिल्या प्रकरणांत रक्तगटांचे रसायन आहे, आणि ज्यांना ते जड वाटेल त्यांनी थेट वंशावळींच्या प्रकरणापासून सुरुवात करायला हरकत नाही. संकर पेशींच्या प्रकरणात जेलवरच्या रेघा आणि गुणसूत्रांची कोष्टके दिली आहेत. वाचकाने हातात पेन्सिल घेऊन ती स्वतः सोडवून पाहावीत, कारण पत्ता कसा ‘लागतो’ हे वाचून कळत नाही, कोष्टक भरताना कळते. सिक्रीटर जनुक आणि आतड्यांचे विषाणू यांच्या संबंधावर एक छोटे प्रकरण आहे. ज्यांच्यात हे जनुक निकामी असते त्यांना नोरोव्हायरसच्या काही प्रकारांची लागण होत नाही.

शेवटचे प्रकरण रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांसाठी लिहिले आहे, आणि मला वाटते सर्वांत उपयोगी तेच ठरेल. बॉम्बे गटाचे रक्त पेशींच्या साध्या चाचणीत ओ म्हणूनच निघते. ते पकडले जाते ते रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, रुग्णाच्या द्रवात ओ पेशी घातल्यावर गुठळ्या दिसल्या तर. ही दुसरी चाचणी वेळेअभावी गाळली गेली आणि दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळवून पाहणारा क्रॉसमॅचही घाईत झाला, तर ओ रक्त चढवले जाऊ शकते आणि अंगातल्या एचविरोधी प्रतिद्रव्यामुळे त्या पेशी शिरेतच फुटू शकतात. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. ते शोधायला दूरच्या शहरांत फोन लावण्याआधी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना बोलवावे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते, आणि तपासलेले नसल्यामुळे ते स्वतःला ओ समजत असण्याचीच शक्यता जास्त. ज्या घरात असे एक माणूस सापडले आहे तिथल्या सगळ्या भावंडांची एच चाचणी त्याच आठवड्यात करून घ्यावी आणि निकाल त्यांच्या हातात लेखी द्यावा.